उजव्या अंगाचा बैल

आमेनवाल्याला या सगळ्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेतलेलं बरं. ओढ्याकाठची पट्टी मिळणार होती. बाकी शिवार भेगाळलं तरी तिथं बोट खुपसलं की गार लागायचं. तिच्यातले दगड मिळणार नव्हते, आणि हाच खरा फायदा होता, कारण ते दुसऱ्यांनी वेचून, डोक्यावरून वाहून बांधाला लावून ठेवले होते. घरात बायकोची रोजची कुरकुर थांबणार होती. आणि वर लोक म्हणणार होते की बघा, बिचाऱ्यानं चर्चच्या मंडळीचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. याच्या बदल्यात जाणार काय होतं? एक साडू, जो कधी आवाज चढवत नसे, आणि एक मेहुणी, जिचा आवाज चढायचा पण कोणी ऐकायचं नाही. असा सौदा समोर आला की भले भले डोकं खाजवून विचार करतात. आमेनवाल्यानं तो गुडघे टेकून केला. त्याचं सगळंच गुडघे टेकून चालायचं.

त्याला आमेनवाला म्हणत ते उगाच नाही. उपासनेत पाळकसाहेबांची प्रार्थना अजून आजाऱ्यांपर्यंतच पोचलेली असायची, तोच पुढच्या बाकावरून याचं आमेन येऊन धडकायचं. दणदणीत, छातीतून. पाळकसाहेब तरुण होते, दचकायचे, आणि उरलेली प्रार्थना भराभर उरकायचे.

त्याच्या साडूला खालमान्या म्हणत. जन्मभर नांगरामागे चालून त्याची मान खाली वळली होती. रस्त्यानं जातानाही पायाखालचं ढेकूळ बघत जायचा. बायकोकडच्या नात्यानं दोघं बांधलेले. खालमान्याची बायको थोरली, आमेनवाल्याची धाकटी. आई लवकर गेली तेव्हा थोरलीनं धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं होतं, थोरलीच्या लग्नातसुद्धा धाकटी तिच्या कडेवरच होती. पुढे धाकटीला तीन पोरं झाली. थोरलीची कड रिकामीच राहिली.

दोन्ही घरांत मिळून एक नांगर आणि दोन बैल. उजव्या अंगाला चालायचा तो भुरा, खालमान्याचा. डाव्या अंगाला काळा, आमेनवाल्याचा. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून दोघांचं जू एकच, आणि एक वर्ष यांचं रान आधी तर पुढचं वर्ष त्यांचं. कागद नाही, साक्षीदार नाही. दर हंगामाला जुवावर हात ठेवून चौघं प्रार्थना करायचे, तेवढंच.

त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भुरा नांगराला जुंपला की पुढे थोरली लागायची. वासरू असताना आई मेलेला. थोरलीनं त्याला बोटं चोखायला देऊन दूध पाजलेलं. तिनं पुढे चालत जिभेनं टॉक केलं की निघायचा, आणि शेताच्या टोकाला तिनं "हं, वळ रे बाबा," म्हटलं की वळायचा. खालमान्या मागे नांगर दाबायचा, थोरली पुढे अनवाणी चालायची. जोडी बैलांची म्हणत, पण ओढणारे चौघं होते.

त्या वर्षी पाऊस पडून गेला आणि वाफसा आला. माती ना चिखल ना धूळ, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि टाकली तर फुटेल, असे मोजके दिवस. या वर्षी पाळी खालमान्याची होती. थोरलीनं पहाटेच जू पुसून अंगणात काढून ठेवलं होतं. तेवढ्यात आमेनवाला आला, पायातल्या वहाणा हातात घेऊन. वहाणा हातात घेऊन आला म्हणजे काहीतरी मागायला आलाय, हे थोरलीला माहीत होतं.

"दादा, एक विचार मनात आला. प्रार्थनेतच आला."

"बोल की," खालमान्या म्हणाला.

"माझं रान उतारावर. दोन दिवस ऊन पडलं की दगड होतंय. तुमची पट्टी ओढ्याकाठी, ती काय आठवडाभर धरते ओल. आधी माझं उरकलं तर दोघांचंही होईल. आधी तुमचं केलं तर माझं बुडेल. तुम्ही म्हणाल तसं. मी काही आग्रह नाही करत."

"आग्रह नाही करत म्हणून सकाळी सकाळी आलास होय," थोरली म्हणाली.

"ताई, तुम्ही मला कायमच असं बोलता."

"कारण तू कायमच असं करतोस."

खालमान्यानं जुवावरून हात फिरवला. बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच त्यात अडकायला झालं. उतार आधी वाळतो हे खरंच होतं. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "तसं करू."

"अहो, पंच पुढच्या रविवारी फिरणार आहेत पट्ट्या बघायला," थोरली म्हणाली.

"तोवर होईल गं."

ओढ्याकाठची पट्टी मंडळीची होती. जुन्या काळी कोणीतरी चर्चला जमीन दिलेली. तिचे तुकडे करून गरजू घरांना कसायला दिलेले. नियम एकच. पेरणीच्या हंगामात पंच फिरतात त्या दिवशी ज्या पट्टीत नांगर फिरलेला नाही, ती परत मंडळीकडे, आणि ओल असेपर्यंत लगेच दुसऱ्याच्या हातात. जमीन पडीक राहू नये म्हणून. पंचांत मास्तर होते, दुकानदार होता, आणि आमेनवालाही होता. खालमान्याकडे दुसरी जमीन नव्हती. ही पट्टी गेली तर दुसऱ्याच्या रानात मजुरी, एवढंच उरणार होतं. आणि थोरलीच्या गुडघ्यांकडे बघता मजुरीही फार दिवस नव्हती.

चौघांनी जुवावर हात ठेवला. आमेनवाल्यानं प्रार्थना सांगितली. लांबलचक सांगितली. थोरली मध्येच डोळे उघडून काळ्याच्या शेपटीकडे बघत राहिली.

उतारावरचं रान म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. थोरली पुढे चढायची, मागे भुऱ्याचा गरम श्वास तिच्या पाठीला लागायचा. टोकाला वळलं की उतरताना अंगठे मातीत रुतवून पाय रोवावे लागायचे, नाहीतर बैल अंगावर. खालमान्याच्या तळहाताला नांगराच्या मुठीनं जुनेच फोड नव्यानं आणले. आमेनवाला मागून बी टाकत यायचा आणि वाऱ्यावर स्तोत्र म्हणायचा. आवाज छान होता त्याचा, हे कबूल करायला हवं. दुपारी धाकटी जेवण घेऊन आली. थोरलीच्या ताटात तिनं सगळ्यांत जास्त वाढलं, आणि तिच्याकडे न बघता वाढलं.

"का गं, तोंड का उतरलंय?" थोरलीनं विचारलं.

"ऊन आहे ताई."

"ऊन मलाही आहे."

धाकटी भांडी गोळा करू लागली. अजून निम्म्यांचं जेवण व्हायचं होतं.

उतार झाला, त्याच्या वरचा तुकडा झाला, आणि मग आमेनवाल्याला कुंपणापलीकडचा एक कोपरा आठवला, तोही झाला. शेवटचा तास, म्हणजे नांगराची शेवटची रेघ, ओढून झाल्यावर खालमान्यानं नांगर आडवा केला आणि म्हणाला, "उद्या ओढ्याकाठी."

"प्रभूच्या इच्छेनं," आमेनवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालमान्या भुऱ्याला घेऊन साडूच्या दारात गेला, तेव्हा काळा गोठ्यात बसलेला होता आणि त्याच्या पुढच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. आमेनवाला शेजारी उकिडवा बसून त्या पायाकडे असा बघत होता की आपलाच पाय असावा.

"रात्रीत काय झालं कळेना दादा. टेकवतच नाही. खुरात काटा गेला असेल, नाहीतर लचकलाय."

खालमान्यानं चिंधीवर हात ठेवला. "सोडून बघू?"

"आत्ताच औषध लावलंय. दोन दिवस हलवू नका म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"जाणकार आहेत एक."

खालमान्यानं पुढे विचारलं नाही. तिथंच गोठ्यात खाली बसला, काळ्याच्या मानेवर हात ठेवून त्यानं त्याच्या पायासाठी प्रार्थना केली. मनापासून केली, बैल त्याला भुऱ्याइतकाच लाडका होता. आमेनवाल्याला आमेन म्हणावं लागलं. त्या दिवशीचं त्याचं आमेन जरा बसक्या आवाजात आलं.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा थोरली भुऱ्याला चारा घालत होती. तिनं हातातला पेंढा खाली टाकला.

"तुम्ही प्रार्थना करून आलात?"

"दुखतंय त्याला."

"आणि आपलं?"

दुसरा बैल मागायला खालमान्या दारोदार फिरला. वाफशाच्या दिवसांत दुसऱ्याचा बैल मागणं म्हणजे जेवायला बसलेल्याचं ताट मागणं. लोक नाही म्हणत नव्हते. "दोन दिवस थांब," म्हणत होते. दुकानदाराच्या गड्यानं तर हसून सांगितलं, "तुझ्या बायकोला जुंप की डाव्या अंगाला. तशी ती पुढे चालतेच." खालमान्या मान खाली घालून परत आला. मान तशीही खालीच होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. थोरलीला कळलं.

मग दोघांनी कुदळी उचलल्या. बैल नाही तर हातानं. पहाटे फटफटायच्या आत पट्टीवर जायचे आणि दिवस बुडेपर्यंत खणायचे. खालमान्याची कंबर दुसऱ्याच दिवशी धरली. तो गुडघ्यांवर बसून खणू लागला. थोरली ढेकळं फोडत त्याच्यामागून सरकत होती. बोटांच्या बेचक्यांत माती जाऊन कातडी फाटली, घाम लागला की आग व्हायची. एवढं करून पट्टीचा एक तृतीयांश भाग काळा झाला. उरलेली तशीच, फिकट, कोरी.

"आपण इथं मुक्कामाला आलोय," दुपारी पाणी पिताना खालमान्या म्हणाला. त्याची एकच शिकवण होती, आणि ती तो सगळ्याला लावायचा. "कायमचं घर तिकडं. मुक्कामाच्या जागी जिवाला किती घोर लावायचा?"

"मुक्कामाला आलोय म्हणून अंथरूण पण देऊन टाकायचं का?"

तो हसला. तिच्या बोलण्यावर हसायचा तो अजून, एवढ्या वर्षांनी. थोरलीला त्याचा रागही यायचा आणि त्याच्या त्या कायमच्या घराचा हेवाही वाटायचा. तिचाही विश्वास होता. पण तिला ते घर कधी नीट दिसायचं नाही. तिला दिसायचं ते फक्त दार, आणि दाराशी कोणीतरी उभं, जे विचारणार होतं की बाई, इतका वेळ कुठं होतीस.

पाणी आणायला ती ओढ्यावर उतरली, तेव्हा पलीकडच्या वळणावर तिला काळा दिसला. लाकडं लादलेली हातगाडी दोराने त्याच्या गळ्याला बांधली होती, आणि तो ती चढावर ओढत होता. चिंधी पायातच होती. पण चारही पाय असे रोवून टाकत होता की खुराखालचा चिखल पिचकून वर येत होता. मागे धाकटी चालत होती, गाडीला हात लावून.

थोरली पाण्यातून सरळ पलीकडे गेली.

"थांब."

धाकटी थांबली. बैलही थांबला.

"हा लंगडा बैल ना?"

"ताई, तू आधी ऐक."

"ऐकतेय. सांग."

धाकटीनं काही तरी खोटं शोधलं असेल, पण सापडलं नाही. लहानपणीही तिला ताईसमोर सापडायचं नाही. ती रडायला लागली, आणि रडता रडता तिला राग आला. मग शब्द सापडले.

"तुम्ही दोघंच आहात. कोणासाठी कसताय ती पट्टी? तुमच्या मागे परत मंडळीकडेच जाणार ना? मला तीन आहेत. उतारावर काय पिकतं? मी त्यांना काय घालू, स्तोत्रं? तूच म्हणायचीस ना, ही माझीच पोरं आहेत म्हणून. मग त्यांच्यासाठी एवढं नाही होत?"

मारायला हात उचलावा असं थोरलीला वाटलं, पण हातात कळशी होती.

"मागितली असतीस तर," ती शेवटी म्हणाली, "तर मी अर्धी दिली असती."

"अर्धीच," धाकटी म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर हात ठेवला.

घरी जाऊन थोरलीनं नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ कुदळीच्या दांड्यावरची माती नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "मी त्याच्या पायासाठी प्रार्थना केली." एवढंच. पण त्या रात्री तो जेवला नाही. कायमचं घर डोळ्यांसमोर असलेल्या माणसालाही घास गिळत नाही, हे थोरलीनं पाहिलं, आणि तिला थोडं बरं वाटलं. आपण एकट्याच नाही आहोत असं.

रविवारी उपासना झाली. पाळकसाहेबांनी सांगितलं ते वरच्या वतनाबद्दल. इथलं सगळं सरतं, तिथलं सरत नाही, डोळे तिकडे लावा. छान सांगितलं. पुढच्या बाकावरून आमेन वेळेच्या आधीच आलं.

मग पंच पट्ट्या बघत फिरले, मागे अर्धी मंडळी. ओढ्याकाठी आले तेव्हा मास्तरांनी खणलेल्या भागात काठी खुपसून पाहिली.

"हे कुदळीचं काम आहे."

"बैल मिळाला नाही मास्तर," खालमान्या म्हणाला.

"दिसतंय. मेहनत दिसतेय. पण नियमात नांगर आहे."

"नांगर कशासाठी लागतो? माती उलटायला," थोरली म्हणाली. "ती उलटलीय की नाही बघा. हातानं उलटलीय म्हणून तिला काही कमीपणा येतो का?"

दोघं तिघं हसले. मास्तर हसले नाहीत. "एक तृतीयांश उलटलीय ताई. बाकीची?"

"बाकीचीचं विचारायचं तर त्यांना विचारा," तिनं आमेनवाल्याकडे बोट केलं. "त्यांच्या बैलाचा पाय धडधाकट आहे. लाकडं ओढतोय. मी पाहिलंय."

सगळ्यांनी आमेनवाल्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले. "ताई दुःखात आहेत," तो म्हणाला. "मी त्यांना दोष देणार नाही." मग मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. ती कडेवरच्या पोराचं नाक पुसत होती. बराच वेळ पुसत होती. साफ झालेलं नाक परत पुसलं.

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली.

पट्टी आमेनवाल्याला मिळाली. त्यानं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्याला आग्रह झाला नाही तरी तो हो म्हणाला.

पाळकसाहेब संध्याकाळी खालमान्याच्या घरी आले. चांगला माणूस होता. खुर्चीच्या काठावर बसला, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून.

"परीक्षेचा काळ आहे हा. आपलं खरं वतन तर वर आहे ना," ते म्हणाले.

"पाळकसाहेब, वरचं वतन सगळ्यांना मिळणार ना?" थोरलीनं विचारलं.

"विश्वासानं चालणाऱ्या सगळ्यांना."

"मग वरची गोष्ट कायम आम्हालाच का सांगता? ज्याला खालची पट्टी लागतेय, त्याच्याकडे जाऊन बसा ना. तिकडं जास्त गरज आहे."

पाळकसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी चहा संपवला. जाताना दारात थबकून हळूच म्हणाले, "मी बोलायला हवं होतं. तिथंच." आणि मग गेले. त्यांनी बोलायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. बोलले नाहीत, हेही सगळ्यांना माहीत होतं.

आमेनवाल्याचा हिशेब एका जागी चुकला. त्यानं जमीन मोजली, माणसं मोजली; बैल मोजला नाही. दुसऱ्याचा एक तांबडा बैल मागून आणून त्यानं काळ्याशेजारी जुंपला. पुढे धाकटी. काळा चार पावलं गेला, त्यानं उजवीकडे हुंगलं, आणि तो तासात बसला. उठवला, परत बसला. शेपूट पिरगळली, तरी बसला. वाफसा जायला लागला होता. वरचा थर पांढरा पडत होता.

संध्याकाळी तो दारात आला. वहाणा हातात. या वेळी आमेनवाल्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"दादा, भुरा हवा होता. दोन दिवस."

थोरली आतून बाहेर आली. "कशाला? तुझ्या लंगड्या बैलाशेजारी जुंपायला?"

"ताई, झालं ते झालं. जमीन मंडळीची आहे. पडीक राहिली तर देवाचंच नुकसान."

"देवाचं नुकसान तू नको मोजूस."

"घेऊन जा," खालमान्या म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे वळले. तो उंबऱ्यावर बसला होता, मान खाली. "सकाळी घेऊन जा," तो पुन्हा म्हणाला. आमेनवाल्यानं प्रभू तुमचं भलं करो म्हणायला तोंड उघडलं. खालमान्यानं नुसती नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. ते आमेनवाल्याच्या तोंडातच राहिलं. तो वहाणा न घालताच गेला.

"मला विचारलं नाहीत," थोरली म्हणाली.

"दगड आपण वेचलेत त्या मातीतले. ती पांढरी पडताना मला बघवत नाही. तिचा काय दोष?"

"तिचा नाही, त्याचा आहे!"

"त्याचा आहे. त्यानं मला फसवलं, तुला फसवलं. जिवाला लागलंय माझ्या. पण उद्या तिकडं आम्ही समोरासमोर आलो, तर नजर त्यानं चुकवावी, मी नाही. मला इथून दुसरं काही न्यायचं नाही."

"छान. तुम्ही माफ केलंत. आणि भुऱ्याच्या पुढे कोण चालणार?"

तो गोठ्याकडे बघू लागला.

"सांगा की. माझ्याशिवाय पाऊल टाकतो का तो? म्हणजे त्या पट्टीत, त्याच्यासाठी, मी चालायचं. अनवाणी. मोठं मन तुमचं, आणि पाय माझे. तुम्ही माफ केलंत ते माझ्या अंगातून काढून दिलंत. तुमच्या देवाला तरी कळलं का हे?"

खालमान्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच सुचलं नव्हतं. एवढी वर्षं तो नांगरामागून फक्त तास बघत आला होता. पुढे चालणारी बाई मान वर केल्याशिवाय दिसत नाही. "चुकलो," तो म्हणाला. "नको जाऊस. मी सांगतो त्याला."

ती गोठ्यात गेली. भुऱ्याच्या मानेला कपाळ लावून उभी राहिली. प्रार्थना करायची होती, पण शब्द सगळे आमेनवाल्यानं वापरून गुळगुळीत करून ठेवले होते. म्हणून ती साधं बोलली. म्हणाली, प्रभू, तुलाही तुझ्याच ताटात हात घालणाऱ्यानं विकलं होतं. तेव्हा तुला कसं वाटलं, ते मला कोणी सांगत नाही. पुढचं, तू माफ केलंस ते, सगळे सांगतात. भुऱ्यानं कान हलवला. पण तिला वाटलं की दाराशी जे कोणी उभं असतं, त्यानं या वेळी काही विचारलं नाही. ते नुसतंच उभं राहिलं, तिच्यासारखंच दमलेलं.

सकाळी तीच भुऱ्याला घेऊन पट्टीवर गेली. खालमान्या मागोमाग आला आणि त्यानं नांगराच्या मुठीला हात घातला. काळ्याच्या पायातली चिंधी गायब होती. भुरा शेजारी येताच काळ्यानं मान त्याच्या मानेवर टाकली. शेजारच्या पट्टीत मास्तर कुंपण बांधत होते. थोरली बैलांच्या पुढे उभी राहिली आणि चालेना.

"ताई, चला ना, ऊन चढेल," आमेनवाला म्हणाला.

"आधी सांग. काळ्याचा पाय कसा होता?"

"ताई, प्रभूला सगळं माहीत आहे."

"त्याला आहेच. तुला माहीत आहे का, ते विचारतेय."

तो मास्तरांकडे बघू लागला. मास्तर तार पिळत होते. माती पांढरी पडत होती. धाकटी बियांची टोपली घेऊन उभी होती.

"चांगला होता," आमेनवाला पुटपुटला.

"मास्तरांना ऐकू नाही आलं."

"चांगला होता! काही झालं नव्हतं त्याला. मी बांधली चिंधी. बस?"

मास्तरांनी ऐकलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी घसा खाकरला, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता कागद झालाय ताई. पुढच्या वर्षी बघू. वाफसा चाललाय, उरका." आणि परत तार पिळू लागले.

खरं बाहेर आलं की काहीतरी होतं, असं थोरलीला आजवर वाटत आलं होतं. काही झालं नाही. खरं बाहेर आलं, आणि सगळ्यांच्या समोर उन्हात उभं राहिलं, आणि लोक त्याला वळसा घालून कामाला लागले. तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही, आमेनवाल्याकडे पाहिलं नाही. जिभेनं टॉक केलं. बैल निघाले.

फाळ मऊ मातीत आवाज न करता गेला. दोघांनी हातानं खणलेला भाग आला तेव्हा नांगर पाण्यातून जावा तसा गेला. दुपारी तिचा उजवा गुडघा सुजला. ती पाय ओढत चालत राहिली. बैल तिच्या चालीनं सावकाश झाले, त्यांनी तिला ढकललं नाही.

धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"ताई, पाणी."

थोरलीनं घेतलं, आणि सगळं प्यायली. तहान खरी होती, ती कशाला नाकारायची.

"ताई, मला माफ कर."

"आत्ता नाही. आत्ता मी कामात आहे."

"मग कधी?"

"वेळ खूप आहे ना आपल्याला," थोरली तोंड पुसत म्हणाली. "न संपणारा आहे म्हणतात. त्यातला थोडा मला लागेल. पण मी येईन तुझ्याकडे. पळून जाणार नाही मी, तूही जाऊ नकोस."

धाकटी तांब्या पोटाशी धरून उभी राहिली. थोरली परत बैलांच्या पुढे गेली आणि म्हणाली, "हं, वळ रे बाबा."

दिवस बुडता पट्टी पूर्ण काळी झाली. मग ज्याला जे मिळायचं ते मिळालं. आमेनवाल्याला ओल असलेली जमीन मिळाली. धाकटीच्या पोरांना वर्षाचं अन्न मिळालं, आणि ते त्यांना लागणारच होतं. मास्तरांचा नियम शाबूत राहिला. पाळकसाहेबांना पुढच्या रविवारसाठी क्षमेवरचा विषय मिळाला. तो त्यांनी घेतला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. खालमान्याला त्याची न चुकवलेली नजर मिळाली. यांपैकी कशाचंही मोल त्यांनी स्वतः दिलं नाही. ते दिलं एका सुजलेल्या गुडघ्यानं. आणि थोडंसं त्या नवऱ्यानं, जो त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मान वर करून, बायकोला पाठुंगळी घेऊन, सगळ्या गावासमोरून घरी गेला.